महाराष्ट्र राज्य कर्मचाऱ्यांची एनपीएस: निधीचे व्यवस्थापन चोख, भरणा कच्चा

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून दर महिन्याला एक रक्कम कापली जाते, आणि त्या रकमेचे पुढे काय होते हे बहुतेकांना निवृत्तीच्या सहा महिने आधीपर्यंत माहीत नसते. 'जुनी पेन्शन हवी' ही मागणी सगळ्यांना पाठ आहे. पण आज जी सेवा प्रत्यक्ष मिळते आहे ती कशी चालते, कुठे अडते आणि तिच्यामागे पैसा किती आहे, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. हे परीक्षण त्या सेवेचे आहे: राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना (एनपीएस), तिची राज्याने केलेली सुधारित आवृत्ती आणि केंद्राकडून आलेली यूपीएस, म्हणजे एकीकृत निवृत्तिवेतन योजना.

आमचे मत आधीच सांगतो. खाते आणि गुंतवणूक हा भाग स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. त्याला पाचपैकी चार गुण. पगारातून कापलेली रक्कम त्या खात्यात वेळेवर आणि पूर्ण पोहोचवणे हा भाग कमकुवत आहे. त्याला दोनच. निवृत्तीनंतर वेतनाच्या पन्नास टक्क्यांची हमी हे कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मोठे पाऊल आहे, पण हमी आली म्हणून भरणा तपासायची गरज संपली असे जे मानले जाते ते चूक आहे. का, ते पुढे आकड्यांनिशी मांडले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे डीसीपीएस, लागू झाली. पहिली सुमारे दहा वर्षे कपातीची रक्कम राज्याच्याच लोकलेख्यात राहिली आणि तिच्यावर भविष्य निर्वाह निधीसारखे व्याज धरले गेले. १ एप्रिल २०१५ पासून राज्य एनपीएसमध्ये आले आणि कर्मचाऱ्याला बारा अंकी प्रान, म्हणजे कायम निवृत्ती खाते क्रमांक, मिळाला. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे. शासनाचेही आधी १० टक्केच होते, ते १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाले.

कपात ते युनिट

मूळ वेतन ५०,००० आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरा. बेरीज ७७,५०० रुपये. कर्मचाऱ्याची कपात ७,७५०, शासनाचा हिस्सा १०,८५०, एकूण १८,६०० रुपये दर महिन्याला. ही रक्कम खात्यात जाते कशी?

आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे आपला डीडीओ, सेवार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीमध्ये वेतन देयक तयार करतो. खासगी अनुदानित शाळांसाठी हेच काम शालार्थमध्ये होते. देयक कोषागारात जाऊन पारित होते. त्यानंतर कोषागार स्तरावर अंशदानाची फाइल बनते. त्या फाइलमध्ये प्रत्येक प्रानसमोर महिना, वर्ष, कर्मचारी हिस्सा आणि शासन हिस्सा लिहिलेला असतो. ही फाइल सेंट्रल रेकॉर्डकीपिंग एजन्सीकडे, म्हणजे सीआरएकडे, अपलोड झाली की एक व्यवहार क्रमांक मिळतो. रक्कम त्या क्रमांकासह विश्वस्त बँकेत पाठवावी लागते. बँकेत आलेली रक्कम आणि फाइलमधली बेरीज तंतोतंत जुळली तरच पुढची पायरी होते. एका कर्मचाऱ्याचा आकडा चुकला आणि बेरीज जुळली नाही, की त्या फाइलमधल्या सगळ्यांचीच नोंद अडकते. जुळले की पैसे पेन्शन फंडांकडे जातात आणि त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या किमतीने, युनिट खात्यात पडतात.

म्हणजे पगारपत्रकावर कपात दिसणे आणि खात्यात युनिट पडणे यांच्यामध्ये चार टेबले आहेत. पगारपत्रक हा फक्त पहिल्या टेबलाचा पुरावा. 'माझ्या पगारातून कापले आहे ना, मग झाले' हे वाक्य ऐकू आले की समजावे, या माणसाने विवरणपत्र उघडलेले नाही.

सीआरएच्या संकेतस्थळावर प्रान आणि पासवर्ड टाकून आर्थिक वर्षाचे व्यवहार विवरणपत्र उतरवता येते. त्यात वर खात्याची एकूण किंमत असते. बहुतेक जण ती पाहतात, आकडा मोठा दिसतो, आणि पान बंद करतात. खरा मजकूर खाली अंशदानाच्या तक्त्यात आहे. प्रत्येक ओळीत नोंदीची तारीख, 'अमुक महिन्याचे अंशदान' असा तपशील, कोणत्या कार्यालयाने अपलोड केले ते, कर्मचारी हिस्सा, शासन हिस्सा आणि बेरीज असते. तपासायचे ते असे. एप्रिल ते मार्च असे बारा महिने तपशिलाच्या रकान्यात आहेत का, ते मोजा. तारखेवर जाऊ नका, कारण मार्चचे अंशदान मेमध्ये पडले तर ते पुढच्या वर्षाच्या पत्रकात सापडेल. मग शासनाचा हिस्सा कर्मचारी हिश्श्याच्या १.४ पट आहे का ते पाहा. ७,७५० समोर १०,८५० हवेत. तिथे पुन्हा ७,७५० दिसले तर शासनाचा वाढीव ४ टक्के हिस्सा आलेला नाही. २०१९ च्या एप्रिलपासूनच्या काही महिन्यांसाठी हे मुद्दाम तपासावे, कारण वाढीचा आदेश नंतर निघाला आणि मागील महिन्यांचा फरक वेगळा भरावा लागला. शेवटी, त्या महिन्याच्या पगारपत्रकावरचा कर्मचारी हिस्सा आणि इथला आकडा रुपयात जुळतो का ते पाहा.

अर्ध्या तासाचे काम आहे. वर्षातून दोनदा करावे.

महिने का गळतात याची कारणे बहुधा ठरलेली असतात. सगळ्यात जास्त गळती बदलीच्या वेळी होते. जुन्या कार्यालयाने सेवार्थमधून नाव मोकळे केलेले नसते, नव्या कार्यालयाला ते जोडून घेता येत नाही, पगार नंतर पुरवणी देयकाने निघतो आणि त्या पुरवणी देयकातली एनपीएस कपात एक तर राहून जाते किंवा चुकीच्या महिन्यावर टाकली जाते. दुसरे कारण थकबाकी. महागाई भत्त्याची, वेतननिश्चितीची किंवा रोखलेल्या वेतनवाढीची थकबाकी वेगळ्या देयकाने मिळते. तिच्यावरही १० आणि १४ टक्के लागू असतात, पण देयक करणाऱ्याच्या लक्षात ते येतेच असे नाही. कर्मचाऱ्याला हातात थोडे जास्त मिळाल्याने तोही विचारत नाही. इथे तो स्वतःचे १० टक्के वाचवल्याच्या आनंदात शासनाचे १४ टक्के सोडून देतो. तिसरे कारण जुने आणि किचकट आहे: २००५ ते २०१५ या काळातल्या डीसीपीएसच्या नोंदी. त्या काळातली काही देयके, चलने आणि अनुसूच्या जुळल्या नाहीत, त्यामुळे प्रानमध्ये वर्ग झालेली रक्कम प्रत्यक्ष कपातीपेक्षा कमी निघते. यासाठी त्या वर्षांचे विवरण काढून वर्षवार प्रारंभीची शिल्लक, कर्मचारी अंशदान, शासन अंशदान आणि व्याज असे चार आकडे पाहावेत. एखाद्या वर्षाची अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या प्रारंभी दिसत नसेल, तर गडबड तिथे आहे. तेवढे एकच वर्ष नमूद करून अर्ज केला तर काम हलते. 'माझा संपूर्ण हिशेब तपासून द्यावा' असा अर्ज कोणत्याही लेखा शाखेत पडून राहतो.

उशिराचे नुकसान किती? परतावा वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का धरा. प्रत्येक अंशदान कायम दोन महिने उशिरा पडत राहिले, तर निवृत्तीच्या दिवशी जमा रक्कम साधारण दीड टक्क्याने कमी निघते. एक कोटीच्या खात्यात हे सुमारे दीड लाख रुपये होतात. आणि गळालेला महिना नंतर नुसत्या मूळ रकमेने भरून मिळाला, मधल्या वाढीची भरपाई मिळाली नाही, तर तोटा कर्मचाऱ्याच्याच पदरी. म्हणून उशीर दाखवून देताना मूळ रकमेबरोबर व्याजाची मागणीही अर्जातच लिहावी.

गुंतवणूक आणि खर्च

इथे तक्रारीला फारशी जागा नाही. राज्य कर्मचाऱ्यांचा पैसा प्रामुख्याने एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांच्या तीन पेन्शन फंडांत विभागून जातो. मुख्य भर शासकीय रोख्यांवर आणि चांगल्या प्रतीच्या कंपनी रोख्यांवर आहे. शेअर्सची कमाल मर्यादा दीर्घकाळ १५ टक्क्यांची होती, त्यामुळे 'आमचे पैसे सट्ट्यात लावले' हा आरोप आकड्यांत बसत नाही. फंड व्यवस्थापनाचे शुल्क वर्षाला ०.१० टक्क्यापेक्षाही कमी आहे. सामान्य माणसाला बाजारात इतक्या स्वस्तात व्यावसायिक व्यवस्थापन मिळत नाही. शासकीय खात्याच्या नोंदीचे शुल्क कर्मचाऱ्याला नाही, शासनाला पडते. नियामक पीएफआरडीए, म्हणजे पेन्शन फंडांवर देखरेख करणारे प्राधिकरण, २०१३ च्या स्वतंत्र कायद्याखाली. रक्कम विश्वस्त न्यासाच्या ताब्यात, राज्याच्या तिजोरीपासून वेगळी. राज्याला तंगी आली तरी या खात्याला हात लावता येत नाही. जुन्या पेन्शनला हे संरक्षण कधीच नव्हते, आणि तुलना करताना ही गोष्ट सर्रास विसरली जाते.

करातही फायदा आहे. शासनाचे १४ टक्के अंशदान करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि ते नव्या करप्रणालीतही मिळते. फक्त ते आधी एकूण वेतनात मिळवून मग वजा करायचे असते. फॉर्म १६ मध्ये ते मिळवलेच नाही आणि वजा मात्र केले, किंवा मिळवले पण वजा करायचे राहिले, असे दोन्ही प्रकार दिसतात. पहिल्यात नोटीस येते, दुसऱ्यात जास्तीचा कर जातो.

निवृत्तीच्या दिवशी हातात काय

मूळ एनपीएसची खरी अडचण इथे आहे. नियत वयोमानाने निवृत्त झाल्यावर जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीची वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर ठरावीक रक्कम मिळण्याची योजना, घ्यावी लागते. उरलेले ६० टक्के करमुक्त मिळतात. समजा खात्यात ८० लाख आहेत. ४० टक्के म्हणजे ३२ लाख. वार्षिकीचा दर ६.५ टक्के धरला तर वर्षाला २,०८,००० रुपये, महिन्याला साधारण १७,३०० रुपये. हा आकडा आयुष्यभर तेवढाच राहतो. महागाई भत्ता नाही, वेतन आयोग नाही, आणि मिळणारी रक्कम करपात्र.

त्याच माणसाचे शेवटचे मूळ वेतन ८०,००० असेल तर जुन्या पेन्शनमध्ये ४०,००० आणि त्यावर महागाई वाढ. शिवाय अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणे. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ५९ वयाचा गुणक ८.३७१ लागतो. ४० टक्के विकले तर १६,००० × १२ × ८.३७१ म्हणजे १६,०७,२३२ रुपये रोख, आणि ती कपात पंधरा वर्षांनी थांबते. कर्मचारी संपावर का गेले, हे या दोन परिच्छेदांतल्या फरकावरून कळते. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या शाळा, रुग्णालये आणि कार्यालये आठवडाभर ठप्प झाली, त्यातून अभ्यास समिती नेमली गेली आणि पुढे सुधारित योजना आली.

वार्षिकीचा पर्याय निवडताना घाई नको. खरेदी किंमत वारसांना परत मिळणारा पर्याय घेतला तर मासिक रक्कम कमी, न घेतला तर जास्त. पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत चालणारा पर्याय न घेता एकट्याच्या नावे घेतला, तर कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराचे उत्पन्न त्या महिन्यात थांबते, आणि पर्याय नंतर बदलत नाही. निर्गमनाचा, म्हणजे योजनेतून बाहेर पडून पैसे घेण्याचा, अर्ज निवृत्तीच्या सहा महिने आधीपासून ऑनलाइन टाकता येतो. बँक खात्यावरचे नाव आणि प्रानवरचे नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा लग्नाआधीच्या आडनावाचा फरक असेल तर खाते पडताळणी तिथेच अडते. ही दुरुस्ती सेवेत असताना पंधरा दिवसांची आहे. निवृत्तीनंतर जुन्या कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात.

हमीच्या दोन योजना

१ मार्च २०२४ ला विधिमंडळात सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर झाली: नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ, आणि कुटुंबाला त्या रकमेच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्राने यूपीएस मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तीही स्वीकारण्याला मान्यता दिली. असा निर्णय घेणारे हे पहिले राज्य.

याखेरीज एक लहान गट आहे. पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण रुजू नंतर झाले, अशांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. या गटातल्यांनी जाहिरातीची प्रत जपून ठेवावी. सेवापुस्तकात नियुक्तीचा दिनांक असतो, जाहिरातीचा नसतो, आणि पुढे प्रकरण महालेखापालांकडे गेले की प्रश्न त्यावरच येतो.

केंद्राची यूपीएस बारकाईने वाचली तर तिची रचना अशी आहे. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के. दहा ते पंचवीस वर्षांसाठी त्या प्रमाणात. दहा वर्षे पूर्ण झाली असतील तर किमान १०,००० रुपये. शिवाय प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी मासिक वेतन आणि महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा एकरकमी: ८०,००० मूळ आणि ५५ टक्के भत्ता म्हणजे १,२४,०००, त्याचा दहावा भाग १२,४००, तीस वर्षांच्या साठ सहामाहींचे ७,४४,००० रुपये. ही रक्कम घेतल्याने निवृत्तिवेतन कमी होत नाही.

मात्र जमा निधीतून पैसे काढले तर कमी होते. ६० टक्क्यांपर्यंत काढण्याची मुभा आहे, पण जितके टक्के काढाल तितक्या टक्क्यांनी हमीची रक्कम घटते. ३० टक्के काढले तर ४०,००० चे २८,००० होतात. एनपीएसमधले '६० टक्के हातात' आणि यूपीएसमधले '५० टक्के पेन्शन' हे दोन्ही एकत्र, पूर्णच्या पूर्ण, मिळत नाहीत. 'दोन्ही मिळणार' असे जिथे सांगितले जाते तिथे सांगणाऱ्याने आदेश वाचलेला नाही. सुधारित एनपीएसचा पर्याय देतानाही हाच परिच्छेद आधी वाचावा: निवृत्तीच्या वेळी जमा निधीच्या ६० टक्क्यांचे आणि वार्षिकीच्या रकमेचे समायोजन कसे होणार. शंका असेल तर डीडीओमार्फत लेखी मार्गदर्शन मागावे, आणि पर्यायपत्राच्या पोचपावतीवर आवक क्रमांक व दिनांक घ्यावा. असे पर्याय एकदाच द्यायचे असतात.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. केंद्राच्या यूपीएसमध्ये 'बेंचमार्क कॉर्पस' नावाचा आकडा असतो. सेवेच्या प्रत्येक महिन्याचे अंशदान वेळेवर आले असते आणि ठरावीक पद्धतीने गुंतवले गेले असते, तर जेवढी रक्कम जमली असती ती. तुमच्या खात्यातली प्रत्यक्ष रक्कम त्याहून कमी असेल आणि तुम्ही ती भरून काढली नाही, तर पेन्शन त्या प्रमाणात कमी. म्हणजे हमी ५० टक्क्यांची असली तरी ती पूर्ण मिळण्याची अट प्रत्येक महिन्याच्या भरण्याशी बांधलेली आहे. २०१३ साली बदलीत गळालेले तीन महिने निवृत्तीच्या पत्रावर येऊन उभे राहू शकतात.

हमीमागचा पैसा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. वर घेतलेल्या उदाहरणात ४०,००० निवृत्तिवेतन आणि ५० टक्के महागाई वाढ धरली, तर पहिल्या वर्षी ७.२ लाख रुपये द्यावे लागतील. ही रक्कम दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढते, निधीवर ७ टक्के मिळतात, आणि निवृत्त कर्मचारी पंचवीस वर्षे जगतो असे माना. हे सगळे देण्यासाठी निवृत्तीच्या दिवशी सुमारे १ कोटी ३५ लाख रुपये हवेत. त्यात कुटुंब निवृत्तिवेतन धरलेले नाही. खात्यात आहेत ८० लाख. म्हणजे पूर्ण ८० लाख शासनाकडे गेले तरी एका माणसामागे ५५ लाखांची तूट, आणि ती भरायची त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून.

केंद्राने या तुटीसाठी आपला हिस्सा १८.५ टक्के केला: १० टक्के कर्मचाऱ्याच्या खात्यात, ८.५ टक्के सामायिक निधीत. ते पुरेसे आहेत की नाही यावर वाद होऊ शकतो, पण निदान आजच्या कर्मचाऱ्याच्या हमीसाठी आज पैसे बाजूला पडतात. कोणतेही राज्य ५० टक्क्यांची हमी देते तेव्हा कर्मचारी संघटनेने पहिला प्रश्न हाच विचारावा: तुटीसाठी स्वतंत्र निधी आहे का, त्यात दरवर्षी वेतनाच्या किती टक्के जातात, आणि त्याचे विमागणिती मूल्यांकन, म्हणजे पुढची देणी आणि निधी यांचा हिशेब, किती वर्षांनी प्रसिद्ध होते? आमच्या मते हा प्रश्न टक्केवारीच्या घासाघिशीपेक्षा मोठा आहे. निधीशिवायची हमी अर्थसंकल्पाच्या २०७१ या मुख्य लेखाशीर्षाखाली दरवर्षी नव्याने मागायची तरतूद होऊन बसते. पगार, व्याज आणि पेन्शन भागल्यावरच बाकीच्या कामांना पैसे उरतात, आणि ओढाताण झाली की पहिला फटका महागाई वाढीच्या थकबाकीला आणि रिक्त पदांच्या भरतीला बसतो.

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी जुन्या पेन्शनकडे परतण्याचा निर्णय घेतला. तिथे दोन अडचणी लगेच आल्या. एनपीएसमध्ये गेलेली रक्कम राज्याला परत मागता आली नाही, कारण कायद्यात तशी तरतूद नाही. ती कर्मचाऱ्याच्या प्रानमध्येच आहे. आणि एनपीएसमध्ये भरलेल्या अंशदानाइतके जादा कर्ज घ्यायची जी सवलत केंद्र राज्यांना देते, ती भरणा थांबवणाऱ्यांना मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार सगळी राज्ये परतली तर एकूण वित्तीय भार एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. परतल्यावर पहिली काही वर्षे राज्याच्या हाती उलट जास्त पैसा राहतो, कारण १४ टक्के भरावे लागत नाहीत. २००५ नंतर लागलेल्यांची मोठी तुकडी निवृत्त होऊ लागेल ती २०३५ च्या पुढे, आणि बिल तेव्हा येईल. निर्णय घेणारे तेव्हा त्या खुर्चीत नसतील. कर्मचारी मात्र निवृत्तिवेतनावरच जगत असेल.

मृत्यू, उपदान आणि नामनिर्देशन

३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसधारकांनाही सेवानिवृत्ती व मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) आणि कुटुंब निवृत्तिवेतन लागू झाले. ही या योजनेतली सगळ्यात मोठी उणीव होती, आणि ती दूर झाली हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली. सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबाने नियमाप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन घेतले, तर शासनाच्या हिश्श्याची रक्कम तिच्यावरील वाढीसह शासनाकडे जाते आणि कर्मचाऱ्याच्या हिश्श्याची कुटुंबाला मिळते. लहान मुले असलेल्या घराला महागाईबरोबर वाढणारे निवृत्तिवेतन जवळपास नेहमीच फायद्याचे ठरते.

नामनिर्देशन दोन ठिकाणी असते: प्रानमध्ये आणि सेवापुस्तकात. एक बदलले म्हणून दुसरे बदलत नाही. लग्नाआधी प्रानमध्ये आई-वडिलांचे नाव दिले असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन रद्दबातल ठरते, आणि नवे भरलेले नसेल तर पत्नीला किंवा पतीला वारस प्रमाणपत्रामागे फिरावे लागते. ऑनलाइन बदलायला दहा मिनिटे लागतात.

तक्रार कुठे

सीआरएच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की टोकन क्रमांक मिळतो. तीस दिवसांत निकाल अपेक्षित आहे. न मिळाल्यास एनपीएस न्यास आणि त्यानंतर लोकपाल. कागदावर व्यवस्था चांगली आहे. दोष असा, की अंशदान न आल्याची तक्रार शेवटी त्याच नोडल कार्यालयाकडे फिरते ज्याने फाइल अपलोड केलेली नाही, आणि तिथे 'कार्यवाही सुरू आहे' असे लिहून ती बंद केली जाऊ शकते. म्हणून टोकनबरोबर डीडीओला लेखी अर्जही द्यावा. त्यात प्रान, गळालेला महिना, देयकाचा क्रमांक व दिनांक, कोषागाराचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक आणि कपातीची रक्कम एवढे पाच तपशील असावेत. प्रमाणक क्रमांक दिला की कोषागारात देयक शोधायला एक दिवस लागतो. नसला की महिने जातात.

बदली होत असेल तर हे सगळे टाळायचा सोपा उपाय आहे. जुने कार्यालय सोडताना अंतिम वेतन प्रमाणपत्रावर एनपीएस कपातीचा शेवटचा महिना, दोन्ही हिश्श्यांच्या रकमा आणि त्या देयकाचा प्रमाणक क्रमांक लिहून घ्यावा, सेवार्थमधून नाव मोकळे झाल्याचे पान छापून घ्यावे, आणि नव्या कार्यालयातला पहिला पगार निघाल्यानंतर दीड महिन्याने विवरणपत्र उघडून तो महिना पडला आहे का ते पाहावे.